सर्व्हर बंद, वाचन चालू

दार ढकललं तेव्हा दारावरचा लाल दिवा मला दिसला नव्हता असं नाही. दिसला होता. पण दिवा लागलेला असताना आत यायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं होतं?

"…आणि तिने खिडकी उघडली, तेव्हा समुद्र—"

आतला आवाज तिथेच थांबला. काचेच्या पलीकडे, मायक्रोफोनसमोर बसलेल्या माणसाने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या एका हातात लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या हातात ठिबकणारी छत्री, आणि मागे दार अजून कुरकुरत बंद होत होतं… चांगलं लांबलचक कुरकुरत.

"गेलं!" कोपऱ्यातून एक बाई म्हणाल्या. त्यांच्या कानांवर हेडफोन होते आणि डोळ्यांवर काळा चष्मा. "पानभर सलग वाचलं होतं पोराने. कोण आलंय?"

"मी… सर्व्हर बघायला आले आहे."

"मग बघा की. ऐकवताय कशाला?"

मी जीभ चावली. काचेपलीकडचा माणूस हसत होता. राग आला असता तर बरं झालं असतं, मी माफी मागून मोकळी झाले असते. हसणाऱ्या माणसापुढे काय करायचं? छत्री मिटलेलीच होती, ती मी पुन्हा मिटायला लागले.

ते अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणारं केंद्र होतं. दोन मजली जुनी इमारत, वर पत्र्याचं छप्पर. वरच्या मजल्यावर ही ध्वनिमुद्रणाची खोली, आणि शेजारी पातळ भिंतीपलीकडे एक चिंचोळी खोली, तिथे नवा सर्व्हर आणून ठेवलेला. इथे ध्वनिमुद्रित झालेली प्रकरणं त्या सर्व्हरवरून शहरातल्या मुख्य ग्रंथालयाकडे जायची आणि तिथून श्रोत्यांच्या फोनवर. जुना सर्व्हर अचानक बंद पडला होता. नवा आला, पण तो मुख्य ग्रंथालयाच्या डोमेनमध्ये सामील होईना. म्हणजे असं की, त्या सगळ्या संगणकांचं मिळून एक घर, आणि त्या घरात ओळख पटल्याशिवाय कुणाला प्रवेश नाही.

"थोडक्यात, उंबऱ्यावर अडवलंय म्हणा ना त्याला," काळ्या चष्म्याच्या बाई म्हणाल्या. त्यांना सगळे मावशी म्हणत. प्रत्येक मुद्रण आधी त्या ऐकत, चूक काढत, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय ते बाहेर जात नसे. "इकडे लोक फोन करकरून विचारतात, पुढचं प्रकरण कधी? एक आजोबा तर म्हणाले, मी जाण्याआधी येईल ना हो? काय सांगायचं त्यांना?"

"आज होऊन जाईल," मी म्हणाले. आमच्या धंद्यात हे वाक्य कधी बोलू नये.

मी सर्व्हर सुरू केला आणि भिंतीपलीकडून लगेच टकटक झाली. मघाचे वाचक स्वतःच दारात येऊन उभे राहिले. उंच, जरा वाकलेले, बाह्या दुमडलेल्या. तोंड उघडलं, आणि… काहीच आलं नाही. ओठ एका अक्षरावर अडकून बसले होते. मी वाट बघितली. वाट बघण्यात माझं काही कौतुक नाही, मला पुढे काय बोलायचं ते सुचत नव्हतं इतकंच.

"प… पंखा," शेवटी ते म्हणाले. "याच्या पंख्याचा आवाज माझ्या माइकमध्ये येतोय."

मघाशी समुद्र आणि खिडकी इतक्या सहज वाचणारा तो हाच माणूस? माझ्या चेहऱ्यावर प्रश्न उमटला असणार.

"वाचताना अडकत नाही," ते म्हणाले. "बो… बोलताना अडकतो. लहानपणापासून. शब्द दुसऱ्याचे असले की गाडी सुसाट जाते."

"माझं उलट आहे," मी म्हणाले. "बोलताना सुसाट जाते. काम मात्र अडकतं."

ते हसले. आणि मग आम्ही एक तह केला. ते वाचणार तेव्हा सर्व्हर पूर्ण बंद, पिनसुद्धा काढलेली, कारण पिन लावून ठेवली तरी तो बारीक घुमत राहायचा. मी काम करणार तेव्हा वाचन बंद. तासभर त्यांचा, तासभर माझा.

"सर्व्हर बंद, वाचन चालू!" मावशी रेल्वेच्या सिग्नलवाल्यासारख्या ओरडायच्या. आणि मग, "वाचन बंद, सर्व्हर चालू!"

त्या दिवशी ते झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

पहिली भानगड लवकर सापडली. एखाद्या संगणकाला नुसतं नाव सांगितलं, तर त्या नावाचा पत्ता कुणाला तरी विचारावा लागतो. नवा सर्व्हर हा पत्ता ग्रंथालयाच्या यंत्राला विचारायच्या ऐवजी बाहेरच्या इंटरनेट कंपनीला विचारत बसला होता. घरातल्या माणसाचा पत्ता गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला विचारावा, तसं. ते मी बदललं. डोमेन सापडलं. मी आनंदाने पासवर्ड टाकला, आणि उत्तर आलं: प्रवेश नाकारला.

पुन्हा टाकला. नाकारला.

मुख्य ग्रंथालयातल्या ॲडमिनला फोन केला. तो म्हणाला, "तुमचे अधिकार बरोबर आहेत, पासवर्ड बरोबर आहे, आमच्याकडे सगळं ठीक आहे." आमच्या क्षेत्रात प्रत्येकाकडे सगळं ठीकच असतं.

आणि मग मावशींची आरोळी. सर्व्हर बंद. वाचन चालू.

त्यांच्या तासाला मला हलायचीही सोय नसे. खुर्ची करकरायची. म्हणून मी मुद्रणाच्या खोलीतच, मावशींच्या शेजारच्या स्टुलावर बसायचे, आणि मावशी न बोलता दुसरे हेडफोन माझ्या हातात द्यायच्या. ते एक कादंबरी वाचत होते. दीपगृहावर एकटी राहणारी एक बाई, आणि दर पंधरवड्याला तिच्यासाठी सामान घेऊन येणारा नावाडी. गोष्ट साधीच होती. पण तो आवाज थेट कानात, इतका जवळ, की ते श्वास घ्यायला थांबले तरी मला कळायचं. पान उलटताना ते ओठ किंचित ओले करायचे, तेही कळायचं. समोर बघावं तर माणूस काचेच्या पलीकडे, दहा हात लांब. डोळे मिटावेत तर अगदी कानाशी.

मी डोळे मिटत नव्हते. उगाच नको.

काचेतून मग खुणा सुरू झाल्या. ते दोन बोटं वर करायचे, म्हणजे दोन पानं राहिली. मी मनगटावर टकटक करायचे, म्हणजे माझा तास सुरू झाला हो. ते हात जोडायचे, म्हणजे एवढा परिच्छेद संपवू द्या. एकदा नावाड्याच्या तोंडी वाक्य आलं, "तुम्ही जेवलात का?" ते वाक्य वाचताना त्यांनी पुस्तकातून मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी नकळत मान हलवली. नाही जेवले.

"मध्येच का थांबलास?" मावशी माइकमधून कडाडल्या. "पुन्हा घे."

त्यांनी पुन्हा वाचलं. या वेळी पुस्तकात बघून. पण कान लाल झाले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. पत्र्यावर असा काही कोसळायला लागला की मुद्रणाचा प्रश्नच मिटला. मी सर्व्हर लावला, पावसात त्याचा आवाज कुणाला ऐकू येणार! मावशी खाली फोन घ्यायला गेल्या होत्या. ते त्या चिंचोळ्या खोलीच्या दारात येऊन टेकले.

"आज तहाची ग… गरज नाही," ते म्हणाले.

"पाऊस असाच राहिला तर तुमचं काम कधी होणार?"

"आणि तुमचं झालं तर…" ते थांबले. हे अडकणं नव्हतं. मला आता फरक कळायला लागला होता. अडकले की ओठ घट्ट व्हायचे. हे नुसतं थांबणं होतं.

"झालं तर काय?"

"तर पंखा बंद होईल," ते म्हणाले.

"तुम्ही आणखी काय काय वाचता?" मी पटकन विचारलं. विषय बदलायची घाई मलाच होती.

"लिफ्ट."

"काय?"

त्यांनी घसा साफ केला, पाठ सरळ केली आणि गंभीर, घडीच्या कपड्यांसारख्या आवाजात म्हणाले, "दरवाजे बंद होत आहेत. कृपया दरवाजापासून दूर उभे राहा."

मी आ वासून बघत राहिले. हा आवाज मी रोज ऐकत होते! आमच्या इमारतीत, सकाळ-संध्याकाळ!

"तुम्ही? अहो, तुम्ही रोज मला दूर उभं राहायला सांगता!"

"तसं… लिहून दिलं होतं त्यांनी," ते म्हणाले. "माझ्या म… मनातलं नव्हतं."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. मी स्क्रीनकडे वळले आणि तोच पासवर्ड उगाच पुन्हा टाकला. नाकारला. मला त्या वेळी जरासुद्धा वाईट वाटलं नाही, हे आमच्या साहेबांना कळलं असतं तर त्यांनी माझा पगार कापला असता.

सुट्टीच्या दिवशी केंद्र बंद असे. मी ताईकडे राहायचे. ताई, भाऊजी आणि मी, पाचव्या मजल्यावर. सकाळी ताईने कोथिंबीर आणायला पाठवलं. खाली गेले. आणली. वर आले. मग आठवलं, लिंबं राहिली. खाली गेले. लिंबं आणली, वर आले, दरवाजे उघडले… आणि मी उतरलेच नाही. दरवाजे बंद होत आहेत, तो आवाज म्हणाला. तळमजला, तो म्हणाला. कृपया सावकाश उतरा. मी कुठेच उतरत नव्हते. हातात लिंबं, समोर स्टीलचा दरवाजा, त्यात माझाच वेडगळ चेहरा. असं किती वेळा वर-खाली केलं असेल कोण जाणे. पाचव्या मजल्यावर दरवाजे उघडले आणि समोर ताई, कमरेवर हात.

"लिंबं काय लिफ्टमध्ये पिकवतेस?"

"लिफ्ट बिघडली होती."

"बिघडलंय काहीतरी खरं," ताई म्हणाली आणि माझ्या हातातली लिंबं घेतली. आत गेल्यावर मात्र तिने गॅस बारीक केला आणि माझ्यासमोर बसली. "अगं, तू पहिल्या तारखेला चाललीस. लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. तेच तर होतं. दुसऱ्या शहरात मला नवी नोकरी मिळाली होती, मोठी कंपनी, माझ्या हाताखाली चार माणसं. या नोकरीसाठी मी वर्षभर धडपडले होते. होकार कळवून झाला होता. तिकडे खोलीही बघून ठेवली होती. हा सर्व्हर म्हणजे या शहरातलं माझं शेवटचं काम.

"कोण आहे?" ताईने विचारलं.

"कुणी नाही. वाचतात."

"काय वाचतात?"

"…सगळंच."

ताईने कपाळावर हात मारून घेतला. "आणि त्यांना माहीत आहे का, तू जाणार ते?"

मी कोथिंबीर निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मी ठरवूनच गेले होते, आज सांगायचं. ते माझ्या आधी आलेले होते. माझा तास सुरू व्हायच्या आधी त्यांनी दारातून डोकावलं.

"साडेचारला… खाली टपरीवर च… चहा घ्याल का? मला जरा बोलायचं होतं."

"मलाही," मी म्हणाले.

ते गेले. मी कामाला लागले, म्हणजे लागल्याचं नाटक केलं. दर थोड्या वेळाने स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत होते. माझा फोन खाली कार्यालयात चार्जिंगला लावला होता. स्क्रीनवर चार वीस झाले. पंचवीस झाले. केस सारखे केले. अठ्ठावीसला उठले, सावकाश जिना उतरले. धावत गेले असं वाटायला नको.

टपरीच्या छपराखाली ते उभे होते. बाहेर भुरभुर पडत होती, आणि छप्पर इतकं आखूड की त्यांचा एक खांदा पार भिजला होता. हातात चहाचे दोन ग्लास. दोन्हींवर साय धरलेली.

"मला वाटलं, तुम्ही येत नाही," ते म्हणाले.

"असं कसं? वेळेवर तर आले. साडेचारच वाजलेत."

"नाही… पा… पावणेपाच होऊन गेले."

"काहीतरीच. मी आत्ता बघितलं, सर्व्हरवर—"

आणि मी तिथेच थांबले.

सर्व्हरवर! सर्व्हरवरचं घड्याळ! डोमेनमध्ये घेताना दोन्हीकडची घड्याळं जुळलेली लागतात. पाचेक मिनिटांपेक्षा जास्त फरक असला, तर पासवर्ड कितीही बरोबर असो, दार उघडत नाही. मी पहिल्या दिवशी घड्याळ बघितलं होतं, तेव्हा ते बरोबर होतं. नंतर बघावंसंही वाटलं नाही. पण आम्ही दर तासाला त्याची पिन काढत होतो! आतला नाण्याएवढा सेल अशक्त झालेला असणार. पिन काढली की घड्याळ रेंगाळायचं. प्रत्येक प्रकरणागणिक सर्व्हर थोडा थोडा मागे पडत चालला होता.

"घड्याळ!" मी ओरडले. "अहो, घड्याळ मागे आहे त्याचं!"

आणि मी पळाले. हो, त्यांना तिथेच, दोन ग्लास हातात घेऊन उभं ठेवून पळाले. जिन्याच्या दोन दोन पायऱ्या चढले. घड्याळ पुढे केलं. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, श्वास रोखला… आणि पडद्यावर ती छोटी खिडकी उमटली. डोमेनमध्ये स्वागत आहे.

"झालं!" मी दोन्ही हात वर केले. "मावशी, झालं! घेतलं आत!"

मावशींनी टाळ्या वाजवल्या. खालची कार्यालयातली मंडळी वर आली. कुणीतरी त्या आजोबांना फोनही लावला. या सगळ्या गलक्यात ते दारात येऊन उभे राहिले होते. हातात अजून ते दोन ग्लास. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, छान झालं, अशी. आणि तेव्हा कुठे मला कळलं, मी काय करून बसले होते. उद्यापासून मला इथे यायला काही कारणच उरलं नव्हतं.

"तुम्हाला काही बोलायचं होतं…" गर्दी पांगल्यावर मी म्हणाले.

त्यांनी तोंड उघडलं. ओठ घट्ट झाले. मी थांबले. खूप थांबले. मग त्यांनी मान खाली घातली.

"अ… अभिनंदन," ते म्हणाले. "तुम्हाला काय सांगायचं होतं?"

"मला… मी पहिल्या तारखेला हे शहर सोडतेय. नवी नोकरी आहे. वर्षभर धडपडले होते तिच्यासाठी."

त्यांनी एक ग्लास माझ्यापुढे धरला. मी घेतला. चहा अगदी गार होता. आम्ही दोघांनी तो गार चहा उभ्या उभ्या संपवला.

दुसऱ्या दिवशी मी नवा सेल बसवायला गेले. काम चुटकीसरशी झालं. ते नव्हते. कुठल्या तरी नव्या इमारतीच्या लिफ्टसाठी आवाज द्यायला गेले होते. त्याच दिवशी माणसं येऊन लांब केबल टाकून गेली आणि सर्व्हर खाली जिन्याजवळच्या कोठारात हलवला. आता कितीही घुमला तरी वर ऐकू येणार नव्हता. मावशींना कुणाच्या नावाने आरोळी ठोकायची गरज उरली नाही.

मी हेडफोन उचलून जागेवर टांगले आणि निघाले.

नंतरचे दिवस कसे गेले? दिसायला नीट गेले. कार्यालयात जाऊन माझी कामं दुसऱ्यांना समजावून दिली. ताईने डबे, चादरी, औषधं, काय काय बांधायला घेतलं. मी लिफ्टने जायचं सोडलं. पाच मजले पायी चढायचे. भाऊजी म्हणाले, "वा, व्यायाम सुरू केला वाटतं?" ताईने त्यांना कोपराने ढोसलं.

दुपारी पाऊस आला की माझं काम थांबायचं. खिडकीशी जाऊन उभी राहायचे. आता तिकडे मुद्रण थांबलं असेल. ते उठले असतील, दाराशी येऊन टेकले असतील. पण दारापलीकडे काय आहे आता? रिकामी खोली. फोन करावा? नंबर होता, केंद्राचा. पण काय म्हणून करावा? 'तुम्हाला काय बोलायचं होतं?' एवढंच विचारायचं होतं. आणि उत्तर मला वाटतं ते नसलं तर? आणि तेच असलं, तर मग काय करणार होते मी? बॅगा तर भरल्या होत्या.

जायला आठवडा राहिला असताना साहेबांनी बोलावलं.

"ते ध्वनिमुद्रण केंद्र, तिथून तक्रार आली आहे. सर्व्हर पुन्हा बाहेर पडलाय म्हणे. मावशी म्हणून कुणीतरी आहेत, फार कडक बोलतात हो. म्हणाल्या, तुमच्या त्या मुलीने अर्धवट काम केलंय. जाऊन या."

मला वाईट वाटलं. कामात खोट काढलेली मला आवडत नाही. पण पाय मात्र… पाय निघालेही होते.

कोठारात जाऊन बघितलं, तर सर्व्हर ठणठणीत. डोमेनमध्ये, घड्याळ बरोबर, एक ओळही लाल नाही. मी वर गेले. दारावर लाल दिवा होता. दार इतकं हळू उघडलं की कुरकुरलंही नाही.

"ये," मावशी हळूच म्हणाल्या. "तुझ्या पावलांना मी ओळखते."

"मावशी, सर्व्हरला काहीही झालेलं नाही."

"सर्व्हर बरा आहे. वाचक बिघडलाय." त्यांनी हेडफोन माझ्या हातात कोंबले. "ऐक."

काचेपलीकडे ते वाचत होते. मान खाली. दीपगृहावरच्या बाईचं तेच पुस्तक. प्रत्येक शब्द स्वच्छ, प्रत्येक विराम जागच्या जागी.

"चूक सापडते का बघ."

"एकही नाही."

"तेच तर! तू इथे होतीस तेव्हा हा पोरगा पानापानाला चुकायचा. ओळी गाळायचा, हसायचा, पुन्हा घ्यायला लावायचा. वैताग दिला नुसता. पण ऐकत राहावंसं वाटायचं गं. आता बघ, वाचतोय की हजेरी घेतोय? कालच आजोबांनी विचारलं, वाचणारा आजारी आहे का?" त्या उठल्या, काठी चाचपली. "मी खाली जाते. मला जिना उतरायला वेळ लागतो. चढायला तर फारच."

दार बंद झालं. मी स्टुलावर बसले. त्यांनी पान संपवलं, पुस्तक मिटलं, दिवा विझवला… आणि मान वर केली.

आम्ही काचेतून एकमेकांकडे बघत राहिलो. खुणांपैकी एकही खूण मला आठवेना. मग त्यांनी माइक जवळ ओढला आणि माझ्या कानात तो आवाज आला. वाचनाचा, घडीव, जराही न अडकणारा.

"आपण आलात, आनंद झाला. प्रवास सुखाचा होवो. नव्या जबाबदारीसाठी मनःपूर्वक—"

"नको ना," मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नसणार, पण माझी मान हललेली दिसली. मी हेडफोन काढून ठेवले. "असं छापील नको."

ते उठले. काचेचं दार उघडून बाहेर आले. माझ्यासमोर, हातभर अंतरावर उभे राहिले.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "च… चहाच्या वेळी… मला सांगायचं होतं. मग तुम्ही म्हणालात, जाणार. मग वाटलं, जाणाऱ्या माणसाच्या प… प… पायात…"

मला पुढचा शब्द माहीत होता. मी तो दिला नाही. तो त्यांचाच होता.

"…पायात पाय घालू नये."

"पायात पाय नको," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "हातात हात चालला असता."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला खिडकीकडे बघावं लागलं. मग माझ्या बोटांना त्यांची बोटं लागली. गार होती.

"मला पुस्तकात नसलेलं वाक्य ब… बोलायचंय," ते म्हणाले. "वेळ लागेल."

"मावशींना जिना चढायला फार वेळ लागतो."

ते हसले. आणि मग ओठ घट्ट झाले, मोकळे झाले, पुन्हा घट्ट झाले. मी हात धरून उभी होते. शेवटी ते आलंच.

"मला तू हवी आहेस."

तू. त्यांना स्वतःलाही ते उशिराच ऐकू आलं असावं. चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"मग मी जाऊ नको का?" मी विचारलं. नको म्हणाले असते तर मी काय केलं असतं, ते मला आजही माहीत नाही.

"जा," ते म्हणाले. या एका शब्दावर जरासुद्धा अडकले नाहीत. "किती व… वाट बघितलीस त्या नोकरीची. जा. मी येईन. दर… दर…"

दर महिन्याला? दर रविवारी? मी एकही शब्द पुढे केला नाही. बघू तरी, कुठवर जातात.

"दररोज नाही जमणार," ते शेवटी म्हणाले.

मी इतक्या मोठ्यांदा हसले की खालून मावशींचा आवाज आला, "झालं का गं? मी चढायला लागू का?"

"अजून नाही!" आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

पहिल्या तारखेला मी गेले. ताई रडली, भाऊजींनी बॅगा चढवल्या, आणि बस हलल्यावर खिडकीतून बघितलं तर तो त्या दोघांच्या मागे, जरा वाकून उभा होता. हात वर केला नाही. मीही नाही. एकदा हात हलवला की निरोप होतो.

नव्या शहरात काम चांगलं होतं, माणसं चांगली होती. खोली मात्र फार शांत. रोज संध्याकाळी फोन यायचा. फोनवर तो जास्त अडकायचा. कधी कधी बराच वेळ नुसता श्वास ऐकू यायचा, आणि मी फोन कानाशी घट्ट धरून पडून राहायचे. इतकं अंतर, आणि मधे एक अडकलेला शब्द. तो यायचाच. उशिरा, पण यायचा.

पहिल्याच रविवारी मी बसस्थानकावर जाऊन उभी राहिले. वेळेच्या कितीतरी आधी. गाड्या येत होत्या, माणसं उतरत होती, कुणी कुणाला मिठी मारत होतं, कुणी सामान मोजत होतं. त्याची बस आली. दार उघडलं. एक आजी उतरल्या, मग दोन पोरं, मग ट्रंक घेतलेला एक गृहस्थ. सगळे उतरले. मग तो उतरला, सगळ्यांत शेवटी. सगळ्यांना वाट देत आला असणार.

माझ्यासमोर येऊन उभा राहिला. केस विस्कटलेले, शर्ट चुरगळलेला, प्रवासाने डोळे लाल. बोलायला तोंड उघडलं, आणि पहिलंच अक्षर ओठांवर अडकलं.

मागून ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, बाजूला व्हा म्हणून. आम्ही बाजूला झालो. अक्षर अजून अडकलेलंच होतं.

मला कसलीच घाई नव्हती.